दिवाळीनंतरची शाळा

पत्र : मॅडम, आम्ही धारूर तालुक्यातले. दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगी यंदा सहावीत गेली, मुलगा दुसरीत. आतापर्यंत दोघांना बरोबर नेत होतो. पोरगी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) राहून भाकरी करती, पाणी भरती, धाकट्याला बघती. यंदा ती म्हणतीय, मी येणार नाही, मला शाळेत राहायचं. हे म्हणतात, पाच महिन्यांनी काय बिघडतंय, नाव तर शाळेत चालूच राहतं, आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत. सासूबाई घरी आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत. जाऊबाई म्हणतात, वयात येणारी पोर मागं ठेवायची म्हणजे जिवाला घोर, त्यापेक्षा दोन वर्षांत उजवून टाका. यंदा आमची टोळी नेणारा मुकादम कर्नाटकातल्या कारखान्याचं बोलतोय. उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीय. मी सातवी शिकलेय, हे पत्र भाच्याकडून लिहून घेतलंय. पोरीला न्यावं का ठेवावं?
– एक आई, जि. बीड

ताई,

ठेवा. दोघांनाही ठेवा.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून आधी सरळ उत्तर दिलं. पण हे सोपं नाही, याची मला जाणीव आहे. दुसरीतलं लेकरू पाच महिने आईवाचून राहणार. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून, गाडी भरून तुम्ही कोपीवर याल तेव्हा भाकरी तयार नसेल. सासूबाईंचे गुडघे आधीच गेलेत, त्यात दोन नातवंडांचं बघायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना दर दसऱ्यानंतर वर्गातले बाक रिकामे होताना बघितलेत. बरोबर नेणाऱ्या आयांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं शहरात बसून बोलणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांना ते चांगलं कळतं. पोरांना कुणाच्या जिवावर ठेवायचं हा त्यांचा प्रश्न असतो. तुमचाही तोच आहे. तरीही ठेवा म्हणते, आणि का ते सांगते.

पोरांच्या वडिलांच्या हिशेबात एक गफलत आहे. वर्षातले पाच महिने गेले तरी उरलेले महिने शाळा होतेच, असं त्यांना वाटतं. पण तुमची मुलगी दरवर्षी तेच पाच महिने गमावते. जूनमध्ये शाळा भरते, दसऱ्यापर्यंत ती वर्गात असते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. म्हणजे पहिलीपासून आजपर्यंत प्रत्येक इयत्तेचा पहिला अर्धा भाग ती शिकली आणि दुसरा अर्धा एकदाही नाही. दरवर्षी पेरणी करायची आणि काढणीला हजर राहायचं नाही, असा हा प्रकार आहे.

घरात तिची पाचवीची पुस्तकं असतील तर गणिताचं काढा. तुम्ही सातवी शिकलात, तुम्हाला वाचता येईल. बालभारतीच्या ज्या पुस्तकावर ही मुलं आजवर शिकली त्याचे दोन विभाग आहेत. बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, कोन, वर्तुळ हे पहिल्यात. विभाजक-विभाज्य, दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती-क्षेत्रफळ हे दुसऱ्यात. दुसरा विभाग शाळेत झाला तेव्हा तुमची मुलगी कोपीवर होती. आता सहावीचं पुस्तक उघडा. त्याच्या पहिल्याच विभागात दशांश अपूर्णांक पुन्हा आहेत, पण ते पाचवीत झाले असं धरून. सर फळ्यावर दशांश चिन्ह काढतात आणि पुढे जातात. वर्गातल्या बाकीच्या मुलांची ती उजळणी होते. तुमची मुलगी ते पहिल्यांदा बघत असते, आणि तिला वाटतं, आपलंच डोकं चालत नाही. डोकं चालतं हो. तिला ते कुणी शिकवलेलंच नाही.

सहावीच्या दुसऱ्या विभागात काय आहे? समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा, बँक व सरळव्याज. हे वाचताना मला नेहमी टोचतं. टनाचा दर, मुकादमाचं टक्क्यांतलं कमिशन, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढणारी बाकी, असा तुमच्या घराचा सगळा व्यवहार ज्या गणितावर चालतो, ते गणित शाळेत नेमकं तुम्ही गावात नसता तेव्हा शिकवतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. आपल्या टनामागे ती किती रुपये झाली आणि हातात तेवढी पडली का, हे किती जणांनी स्वतः मोजून बघितलं असेल? बहुतेक ठिकाणी वही मुकादमाची आणि आकडाही त्याचाच. तुमच्या मुलीचं सहावीचं दुसरं सत्र नीट झालं, तर पुढच्या दसऱ्याआधी उचलीचा हिशेब ती घरात बसून तपासू शकेल. पोरांच्या वडिलांना माझं बाकीचं काही पटलं नाही तरी एवढं त्यांना वाचून दाखवा.

आता नापास न करण्याचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं होतं हे खरं. पण 2019 मध्ये कायदा बदलला आणि 2023 मध्ये आपल्या राज्यानेही नियम बदलले. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात राहिलं तर एकदा पुन्हा परीक्षा, आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. आठवी तिच्यापासून दोन वर्षांवर आहे. मात्र मुलगी नापास होईल म्हणून तिला ठेवा, असं माझं म्हणणं नाही. वर्ग चढत गेले आणि शिकणं मागे राहिलं, तर त्या चढण्याला काय अर्थ? आणि ‘नाव चालू राहतं’ म्हणाल, तर सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल सरकारी सर्वेक्षणात शाळाबाह्य धरलं जातं. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायला हवी. त्यातले जेमतेम निम्मे दिवस तिच्या वाट्याला येत असतील.

एप्रिलमध्ये परत आलेली मुलं मागच्या रांगेत बसतात. कुणी बसवत नाही, आपणहून बसतात. दोन-तीन वर्षं असं झालं की आठवी-नववीत मूल स्वतःच म्हणतं, मला नाही जायचं शाळेत. मग घरचे म्हणतात, आम्ही कुठं नको म्हणलो, तिलाच गोडी नाही. म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ म्हणजे ‘ती म्हणतीय, मी येणार नाही’. आज ती म्हणतेय. दोन वर्षांनी म्हणेलच असं नाही.

जाऊबाईंच्या बोलण्याकडे येते. त्यांना वाईट म्हणू नका, त्या जे बोलतात ते गावात दहा तोंडांनी बोललं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत विशीतल्या पहिल्या चार-पाच वर्षांतल्या बायकांना विचारलं, तेव्हा राज्यात साधारण 22 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात हा आकडा 43 टक्क्यांच्या वर होता. ऊसतोडीला जायचं तर पोरीला ठेवायचं कुठं, हा घोर त्यामागचं एक मोठं कारण आहे. आणि लग्न लावलं की जोडप्याचा नवा कोयता होतो, नवी उचल मिळते, हेही तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा ‘उजवून टाका’ म्हणजे पोरीचा घोर संपला असं होत नाही. पंधराव्या वर्षी ती दुसऱ्याच्या टोळीत मोळ्या वाहू लागते, एवढंच. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे आणि तो लावून देणाऱ्या आईबापांनाही लागू होतो. गावात ग्रामसेवक हाच त्यासाठी नेमलेला अधिकारी असतो. मुलांसाठीचा 1098 हा मदतीचा फोन क्रमांकही आहे; तुमच्या मुलीला तो पाठ असू द्या.

राहिला मागं ठेवण्याचा घोर. जरा कोपीचा विचार करा. पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप, दाराला कडी नाही, आसपास अनोळखी टोळ्या आणि ट्रॅक्टरवाले, आईबाप पहाटे फडात गेलेले ते अंधार पडल्यावर येणार. बारा वर्षांची मुलगी तिथं दिवसभर धाकट्या भावाबरोबर एकटी. ती जागा गावातल्या घरापेक्षा सुरक्षित कशी? शाळेत रोज जाणारी मुलगी रोज चार मोठ्या माणसांच्या नजरेत असते. ती एक दिवस आली नाही तर कुणीतरी विचारतं. माझ्या मते तिची सगळ्यात चांगली राखण तीच आहे.

आता निभवायचं कसं.

तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं का, हे मुख्याध्यापकांना आजच विचारा. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक गावांत मुलं झोपायला आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडेच असतात. शाळेत त्यांना सकाळ-संध्याकाळचं खाणं मिळतं आणि दुपारी पोषण आहार असतोच. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शिक्षण योजनेतून हे चालतं आणि स्थलांतर करणाऱ्यांच्या मागं राहिलेल्या मुलांसाठीच असतं. म्हणजे सासूबाईंच्या डोक्यावरचा दोन वेळच्या चुलीचा भार पुष्कळ हलका होईल. अडचण अशी की टोळ्या निघून गेल्या तरी ही वसतिगृहं वेळेवर सुरू होत नाहीत, हे दरवर्षीचं रडगाणं आहे. म्हणून पहिल्या महिन्या-दीड महिन्याचं धान्य, तेल, मीठ-मिरची घरात भरून जा. वसतिगृह उद्यापासून सुरू होतंय या भरवशावर निघू नका.

अर्ज लेखी द्या. आम्ही ऊसतोडीला जाणार आहोत, दोन मुलं आजीजवळ राहणार आहेत, त्यांची नावं हंगामी वसतिगृहात घ्यावीत, इतकंच लिहायचं. दोन प्रती करा आणि एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. ती पोच सासूबाईंच्या पेटीत ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या बायका, हे कायद्यातच आहे. तुमच्या आळीतली कुणीतरी त्यात असेलच, तिला आधी गाठा. शाळेत दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, त्यानंतर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. टोळीतल्या चार-पाच घरांनी मिळून अर्ज दिलात तर एकटीला लागणारे हेलपाटे वाचतील. आणि एक मूल असलं की शाळा ‘बघू’ म्हणते, पंधरा मुलं असली की तिला सोय करावी लागते.

यंदा नाही तरी पुढच्या जूनसाठी आणखी दोन दारं ठोठावून ठेवा. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही मुलींची निवासी शाळा सहावीपासून असते. तुमच्या किंवा शेजारच्या तालुक्यात आहे का आणि जागा रिकामी आहे का, ते गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही मंजूर झाली. त्यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. तिथे ऊसतोड कामगार असल्याचा पुरावा मागतात, म्हणून ग्रामसेवकाकडून नोंद करून ओळखपत्र घेतलं नसेल तर निघायच्या आधी तेवढं कराच.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. मुलगी गावात राहिली म्हणजे शाळेत गेली, असं होत नाही. तुम्ही निघाल तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो. किलोवर पैसे मिळतात, शेजारीण म्हणते, चल गं दोन दिवस. मग बाजाराचा दिवस. मग आजीला दवाखान्यात न्यायचंय. मग नात्यातलं लग्न, त्याची हळद, मांडव-परतणी. प्रत्येक वेळी कारण खरंच असतं, आणि कुणाच्याही मनात तिची शाळा बुडवायची नसते. पण आठवड्यातला एकच दिवस असा गेला तरी 220 दिवसांतले 36-37 दिवस जातात. सहा दिवसांत एक. गणितात आणि इंग्रजीत तो एक दिवस फार महाग पडतो, कारण काल जिथं सोडलं तिथूनच आज पुढे जायचं असतं. शिवाय एका दिवसाची गैरहजेरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाच महिन्यांची निदान दिसते तरी.

तेव्हा सासूबाईंशी बसून बोला, आणि ‘लक्ष ठेवा’ इतकंच म्हणून उठू नका. कापसाला पाठवायचं तर फक्त रविवारी. बाजार मुलगी शाळेतून आल्यावर करील किंवा शेजारणीला पिशवी द्यायची. दवाखान्याला कोण नेईल, भाचा का दीर, ते आत्ताच ठरवा. पाणी कोण भरणार हेही. लग्नाला एक दिवस, चार नाही. ताप आला तर घरी राहू दे, दुसऱ्या दिवशी उतरला की शाळा. बारीकसारीक वाटेल, पण घर अशाच गोष्टींवर चालतं आणि पोरीची शाळा अशाच गोष्टींवर बुडते.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे सासूबाईंच्या घरात ती बारा वर्षांची मुलगी सून होऊन बसू नये. दुखणारे गुडघे घेऊन म्हातारी बसलीय, नात उठून सगळं करते, आणि सगळे म्हणतात, किती गुणाची पोर. कोपीवर जे करत होती तेच घरी करू लागली तर तिला ठेवून काय मिळवलं? बसल्या जागी होणारी कामं, भाजी निवडणं, धान्य निवडणं, भाकरी थापणं, आजीची. झाडणं आणि धुणं तिचं. दुसरीतल्या भावाला अंथरूण उचलणं, तांब्या-भांडी भरून ठेवणं नक्की जमतं, तो मुलगा आहे म्हणून त्याला सूट नको. दोघं एकाच शाळेत जात असतील तर उत्तमच, सकाळी तीच त्याला घेऊन निघेल आणि तो मागं लागला म्हणून ती घरी राहणार नाही.

आणखी एक, जे पत्रात तुम्ही लिहिलं नाही. तिला पाळी आली असेल किंवा या वर्षात येईल. तुम्ही जवळ नसताना आली तर काय करायचं, कापड किंवा पॅड कुठं ठेवलंय, कुणाला सांगायचं, हे निघायच्या आधी तिला तुम्हीच सांगा आणि गावातल्या आशाताईंच्या कानावर घाला. दर महिन्याला तीन-चार दिवस मुली घरी बसतात, बहुतेक वेळा शाळेतल्या संडासात पाणी नसतं म्हणून. तसं असेल तर ते समितीच्या बैठकीत बायकांनीच बोलायला हवं, पुरुष बोलणार नाहीत.

फोन रोज नाही जमला तरी दिवसाआड करा. गाडी कधी भरायला लागेल याचा तुम्हाला नेम नसतो, मग ज्या वेळी जमेल त्या वेळी. ‘अभ्यास केलास का’ विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात. ‘आज बाईंनी काय शिकवलं’ विचारा. ती सांगू लागली तर शाळेत गेली होती, अडखळली तर कळेलच. वर्गशिक्षकांचा नंबर घ्या आणि त्यांना म्हणा, महिन्याची हजेरी मला एका ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. बहुतेक शिक्षक कळवतात. फडातून फोन करून पोरीची हजेरी विचारणारी आई त्यांच्याही लक्षात राहते. धाकटा पहिले काही दिवस फोनवर रडेल. तेव्हा लगेच ‘पुढच्या गाडीनं घेऊन या त्याला’ म्हणू नका. संक्रांतीपर्यंत थांबून बघा. जेवत नसेल, आजारी पडत असेल तर मात्र त्याला घेऊन जा, त्यात हार नाही. मुलीला त्याच्याबरोबर ओढू नका, एवढंच.

आणि सासूबाईंनी अंथरूणच धरलं, दोघांना नेण्यावाचून गत्यंतर नाही असं झालं तर? तर निघायच्या आधी शाळेतून दोघांची शिक्षण हमी पत्रकं घ्या. कोणत्या इयत्तेत आहेत, काय येतं, हे त्यात असतं आणि त्यावर दुसऱ्या गावच्या शाळेत बसवून घेतात. दाखला हातात नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हा देशभरचा कायदा आहे. मुकादमाला कारखान्याचं आणि उतरायच्या गावाचं नाव आत्ताच विचारा. बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, अथणी या भागात मराठी सरकारी शाळा आहेत, तिथे सोय होऊ शकते. त्याच्या पलीकडे गेलात तर शाळा कन्नड, आणि दुसरीतलं लेकरू तिथे नुसतं बसून राहील. शिवाय फड हलला की शाळा लांब पडते. म्हणून हा रस्ता मी नाइलाजाचाच म्हणेन. त्यावर जावं लागलंच तर दोघांची पुस्तकं पेटीत पहिल्यांदा भरा.

शेवटी पोरांच्या वडिलांचा मुद्दा, कारण तुम्ही मायलेकी एकीकडे आणि ते एकीकडे असं झालं तर ही सोय टिकणार नाही. मुलगी नसली की हंगामात तोटा होईल, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ती वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधते, पाणी आणते, तुमचा स्वयंपाकाचा वेळ वाचवते, आणि तो वेळ तोडणीत जातो. तो तोटा किती, हे दोघांनी मिळून कागदावर मांडा. तो मोठा वाटेल, पण डोंगराएवढा नसेल. टोळीतल्या दोन-तीन घरांनी चूल एकत्र केली तर रोज प्रत्येकीला खपावं लागणार नाही. आणि भाकरी थापायला पुरुषाचे हात चालत नाहीत, असं कुठं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

रेशनचंही त्याच कागदावर लिहा. कार्ड बरोबर नेलंत तर मागं तिघं धान्यावाचून राहतील. ते घरी ठेवा. आता कुठल्याही गावच्या दुकानात आधार लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, कर्नाटकातसुद्धा, त्यामुळे सगळा कोटा एकाच ठिकाणी उचलायची गरज नाही. फक्त निघायच्या आधी सासूबाईंना दुकानात नेऊन त्यांचा अंगठा मशीनवर लागतो का ते बघा. आयुष्यभर कष्ट केलेल्या बायकांचे अंगठे पुष्कळदा लागत नाहीत. लागत नसेल तर कार्डातल्या आणखी कुणाचा चालेल, ते दुकानदाराला तुमच्यासमोर विचारून ठेवा.